पाटलीणबाईंची खिरापत

मी डूख धरणारी बाई आहे. हे माझ्या नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात ओळखलं आणि पुढे आयुष्यभर तो जपून राहिला. लोक म्हणतात, वय झालं की जुनं विसरावं, माफ करावं. मी विसरते ती औषधाची गोळी. पाटलीणबाईंचं काही विसरलेले नाही. त्या जाऊनही जमाना झाला, पण नवरात्र आलं, परसात झेंडू फुलला, की त्या मला हमखास आठवतात.

आमचं गाव चिखलीच्या अलीकडचं. माझं माहेर पुनावळ्याचं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा मी या घरात धाकटी सून म्हणून आले. घरात सासूबाई, माझा नवरा आणि थोरली जाऊ. थोरले दीर माझ्या लग्नाआधीच तापाने गेले होते. जावेला मी अक्का म्हणायची. तिची पंचविशीसुद्धा उलटली नव्हती. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, आणि बोलणं इतकं कमी की पहिले काही महिने मला वाटायचं, हिला मी आवडत नाही. मग एकदा माहेरच्या आठवणीने मी चुलीपुढे रडत बसले होते, तेव्हा तिने काही न विचारता माझ्या ताटात गरम भाकरी टाकली आणि तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवला. त्या दिवसापासून ती माझी झाली.

घरामागचा परस हे आमचं खरं घर. शेवगा, पेरू, कढीपत्त्याचं झाड, कपडे धुवायचा दगड, आणि गोठ्याच्या छपरावर चढलेला लाल भोपळ्याचा वेल. पाऊस सरला की अक्का सगळा परस शेणाने सारवून काढायची. आश्विनात दुपारी ऊन असं चटकायचं की बाहेर पाऊल टाकवत नसे, पण उन्हं कलली की त्या सारवलेल्या जमिनीवर बसून बाजरीची कणसं कुटण्यात, शेंगा निवडण्यात काय सुख होतं ते बंद दाराच्या फ्लॅटात राहणाऱ्या माझ्या नातसुनांना सांगून कळायचं नाही.

त्याच दिवसांत हादगा यायचा. रोज एकेका घराच्या परसात गावच्या लेकीसुना जमायच्या. मधे पाट, पाटावर दाण्यांनी काढलेला हत्ती, भोवती फेर आणि गाणी. पण खरी गंमत शेवटी असायची. ज्या घरी हादगा, त्या घरची खिरापत झाकणाच्या डब्यात घालून आणायची आणि डब्यात काय आहे ते बाकीच्या बायकांनी ओळखायचं. डबा कानाशी धरून हलवायचा, झाकणाच्या कडेला नाक लावायचं. गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, असं एकेक विचारत जायचं. ओळखता नाही आलं तर "हरलो" म्हणायचं आणि मगच डबा उघडायचा. ज्या घरची खिरापत ओळखता आली नाही, त्या घरच्या बाईची मान वर्षभर ताठ.

आणि आमच्या गावात ही मान कुणाची ताठ होऊ द्यायची नाही, असा पाटलीणबाईंनी जणू विडाच उचलला होता. पन्नाशीची बाई, नऊवारीचा घोळ सावरत हळूच यायची, डबा एकदा हलवायची आणि सांगून मोकळी व्हायची. "हरलो" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. गावाला त्याचं कोण कौतुक! मलाही होतं, खोटं कशाला सांगू.

माझ्या पहिल्या हादग्याला आमच्या घरची पाळी आली, तेव्हा अक्काने तिळाची कडबोळी केली होती. ती स्वतः फेरात येणार नव्हतीच. सवाष्णींचा आणि पोरीबाळींचा खेळ तो. ती मागच्या दाराच्या आत उभी होती. पाटलीणबाईंनी डबा हलवला, हसल्या आणि "कडबोळी" म्हणाल्या. सगळ्या हसल्या, डबा उघडला, हातोहात कडबोळी वाटली गेली. पाटलीणबाईंनी एक मोडून तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, असं खुसखुशीत तर माझ्या हाताला पण जमत नाही, कुणी केलं? मी नवी सून, ऊर भरून आला माझा. मी सांगितलं, अक्कानं.

पाटलीणबाईंचं तोंड हलायचं थांबलं. त्यांनी तोंडातला घास शेवग्याच्या बुंध्याशी थुंकला.

"पांढऱ्या कपाळाच्या हातचं आमच्या लेकीसुनांनी खायाचं? कुनाच्या कुकवाला नाट लावायचाय?"

मग त्यांनी डबा उचलला आणि उकिरड्यावर पालथा केला. ज्यांच्या हातात कडबोळी होती त्यांनी ती टाकली. ज्यांनी खाल्ली होती त्यांनी आमच्याच रांजणातलं पाणी घेऊन आमच्याच परसात चुळा भरल्या. माझ्या वयाच्या पोरी, रोज विहिरीवर माझ्याशी हसणाऱ्या, त्याही. सासूबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. कोंबड्या आल्या आणि टिपू लागल्या. हे सगळं अक्काने दारातून पाहिलं. मी वळून बघितलं तर ती तिथेच उभी, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. मग आत जाऊन तिने चूल पेटवली, संध्याकाळच्या भाकऱ्यांसाठी.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती उतरलीच नाही. पाटलांच्या बाईशी उघड भांडण करायची आमच्या घराची ऐपत नव्हती. नवरा म्हणाला, गप्प बस. सासूबाई म्हणाल्या, चालायचंच. पण मी मनाशी ठरवून टाकलं. या बाईने अक्काच्या हातचं खाल्लं पाहिजे, आणि चारचौघींत खाल्लं पाहिजे. त्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नव्हता.

तोवर मी माझ्या परीने उट्टं काढत राहिले. पाटलांच्या वाड्यातून विहिरीकडे जायची जवळची वाट आमच्या परसातून होती. मी बाभळीच्या फांद्या आणून ती बंद केली आणि कुणी विचारलं तर सांगायची, शेरडं शिरतात. पाटलीणबाईंना घागर घेऊन मारुतीच्या देवळाला वळसा घालावा लागायचा. त्यांच्याकडून कढीपत्ता मागायला पोर आलं की मी सांगायची, कीड पडलीय. विरजण मागितलं तर आजच संपलं. पेरू पिकले तेव्हा गावभर वाटले, आणि त्यांच्या ओसरीवरून पाटी मुद्दाम हळूहळू नेली. याने त्यांचं काहीच बिघडत नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण मला रात्री झोप बरी लागायची.

अक्का मात्र त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी पाटलीणबाईंना शिव्या घातल्या की ती उठून गाईला पाणी दाखवायला जायची. मला तिचा राग यायचा. वाटायचं, हिच्या अंगात रक्त आहे का ताक.

त्या सुमाराला पिंपरीच्या बाजूला कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या कामगारांसाठी चाळी आणि घरं झाली होती. आम्ही त्याला नुसतं कॉलनी म्हणायचो. ती ज्या रानात झाली, त्यातला बराच तुकडा पाटलांचा. जिथे त्यांचा शाळू डोक्याइतका वाढायचा तिथे आता विजेचे खांब होते. कॉलनीत सगळ्या मुलखांतली माणसं होती. कोकणातली, नगरची, सोलापूरची, पार नागपूरकडची. पुढच्या नवरात्रात तिथल्या बायकांनी गावाला बोलावणं पाठवलं. ते लोक हादग्याला भोंडला म्हणत. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी भोंडला आहे, गावच्या बायकांनी यावं, आणि गावाकडून एक खिरापत आणावी, आम्ही ओळखून दाखवू.

पाटलीणबाईंना हे फार लागलं. आपल्याच रानात आपल्याला पाहुणं म्हणून बोलावतात आणि वर ओळखून दाखवतो म्हणतात. त्यांनी उलट निरोप धाडला की गावची खिरापत तुमच्या सात पिढ्यांना ओळखायची नाही. निरोप गेला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. कॉलनीत इतक्या मुलखांतल्या बायका. करंजी म्हणा, शंकरपाळी म्हणा, धपाटे म्हणा, कुणी ना कुणी ओळखणारच. गावच्या बायकांना सुचेल ते सगळं गावच्या बायकांना येत होतं, म्हणजे कॉलनीतल्या एखादीलाही येतच असणार. पाटलीणबाई रोज नवं काही करून बघत आणि कपाळाला हात लावून बसत, असं विहिरीवर कळायचं. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

एका सकाळी त्या आमच्या घरी आल्या. पुढच्या दाराने, कारण मागे काटे होते. ओसरीवर बसून सासूबाईंशी बोलल्या. अक्का आत दळत होती, जात्याचा आवाज येत होता, पण त्यांनी त्या बाजूला नजर टाकली नाही. म्हणाल्या, गावाच्या नाकाचा प्रश्न आहे. तुमच्या थोरलीच्या हातात काहीतरी वेगळं आहे, तिला जमतंय का विचारा. मी पुढे होऊन म्हणणार होते की आमच्या उकिरड्यावर जाऊन शोधा. तेवढ्यात जातं थांबलं आणि अक्का दाराआडून म्हणाली, "करते म्हनावं. पर डबा पाटलीणबाईंनी सोता न्यायचा, आनि थितं त्यांनीच पुढं करायचा. मान त्यांचा."

पाटलीणबाईंना हेच हवं होतं. त्या खूश होऊन गेल्या. मी अक्काशी बोलणं टाकलं.

तरी तिचं काम दिसायचंच. परसात पेरूच्या सावलीला बसून ती भोपळ्याच्या बिया सोलत होती. छपरावरचा वेल मायंदाळ भोपळे द्यायचा. भोपळा चिरला की आतल्या बिया गाईपुढे टाकायच्या, ही गावची रीत. अक्का त्या धुऊन, वाळवून गाडग्यात ठेवायची. आता एकेक बी नखाने सोलून आतला हिरवट गर काढत होती. ढीगभर बियांतून मूठभर गर निघायचा. बोटांची नखं दुखायला लागली तरी ती उठेना. शेवटी मीच अबोला मोडून शेजारी बसले आणि सोलायला लागले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे तिने तो गर तुपात हलका परतला, अर्धा कुटला, अर्धा तसाच ठेवला, आणि गुळाच्या पाकात वड्या थापल्या. वेलदोडा नाही, सुंठ नाही, वास येईल असं काही नाही. डब्याला आतून केळीचं पान लावलं, म्हणजे हलवला तरी खुळखुळायचं नाही. मी एक वडी खाल्ली. बदाम नाही, शेंगदाणा नाही, खोबरं तर नाहीच. मला ठाऊक असूनही जिभेला ओळख पटेना. मी म्हणाले, अक्का, तिचं नाक वर करायला एवढं झिजलीस? ती म्हणाली, कुणी काही विचारलं तर सांगू नकोस, एवढंच कर.

दुपारी पाटलीणबाई डबा न्यायला आल्या. फडक्याने धरून उचलला, वर पाणी शिंपडलं, झाकणावर तुळशीचं पान ठेवलं. झाकण उघडलं नाही. आत काय आहे हेही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे अक्काशी बोलायचं आलं. कॉलनीकडे जाताना गावच्या बायकांना त्यांनी हळूच बजावलं की हात पुढे करा, पण तोंडात घालू नका, पदरात टाका. म्हणजे आमच्या गावच्या कुंकवाला नाट लागायला नको, कॉलनीतल्यांच्या लागला तर लागू दे. हे ऐकून माझं डोकं फिरलं, पण मी अक्काच्या सांगण्यावरून गप्प बसले.

अक्काही आली. सासूबाई नको म्हणत होत्या. ती म्हणाली, लांब उभी राहीन.

कॉलनीतल्या मैदानात विजेचे दिवे लागले होते. आमच्या गावात अजून रॉकेलच्या चिमण्या, त्यामुळे तो उजेड आम्हाला डोळ्यांवर येत होता. फेर झाला, त्यांची गाणी आम्हाला येत नव्हती आणि आमची त्यांना, तरी पाय जुळले. मग खिरापत. पाटलीणबाईंनी डबा मधे ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. एका साहेबाची बायको होती, गोरी, पाचवारीतली, बोलायला फार मऊ. तिने डबा हलवला. काही वाजेना. नाक लावलं. वास येईना. मग एकेकीने सुरुवात केली. तिळगूळ, खोबऱ्याची वडी, दाण्याची चिक्की, बेसनाचे लाडू, राजगिरा. नागपूरकडची एक बाई असली नावं घेत होती की आम्ही ती कधी ऐकली नव्हती. पाटलीणबाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, जसं काही आतलं सगळं त्यांना ठाऊक आहे. त्यांचा चेहरा फुलत चालला होता. मला तर रडू यायला लागलं. अक्काच्या कष्टावर हिचा मान होतोय, आणि अक्का तिकडे कुंपणाच्या बाभळीखाली उभी.

शेवटी साहेबाची बायको हात जोडून म्हणाली, हरलो बाई आम्ही. आता सांगा, काय आहे ते.

पाटलीणबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. त्यांनी डबा उचलला, पाणी शिंपडलं, तुळस ठेवली, पण उघडला नाही. विटाळ होईल म्हणून चाखला नाही. गावात प्रत्येक डबा ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या हातातल्या डब्यात काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं. मी म्हणाले, मला काय माहीत, मी कुठे केलंय. इतकं गोड खोटं मी आयुष्यात बोलले नसेन.

कॉलनीतल्या बायका हसायला लागल्या. साहेबाची बायको म्हणाली, तुमचीच खिरापत, आणि तुम्हालाच माहीत नाही? त्यात वाकडं काही नव्हतं, पण ते त्यांच्याच शाळवाच्या रानात उभं राहून कुणीतरी म्हणत होतं. पाटलीणबाईंनी झाकण काढलं. आत हिरवट तपकिरी वड्या. त्यांनी वाकून बघितलं, वास घेतला. काही उमगलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि कुंपणाकडे बघत हाक मारली, ये ग इकडं, सांग यांना काय आहे ते. वर्षभरात अक्काशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

अक्का आली. फेराच्या कडेला उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. तिचा आवाज मी कधी इतका स्पष्ट ऐकला नव्हता.

"समदं गाव म्हनतं, पाटलीणबाईंना वळखत न्हाई असं काय न्हाई. तुमी एक वडी खावा. तरी न्हाई कळलं, तर म्या सांगते."

आमच्या गावच्या बायकांना कळलं होतं काय चाललंय, त्या खाली बघू लागल्या. कॉलनीतल्यांना काही कळलं नव्हतं, त्या आपल्या म्हणत होत्या, खा की, खाऊन तरी बघा. पाटलीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. नाही म्हणाव्या तर कारण सांगावं लागेल, आणि ते कारण या सगळ्या परमुलखातल्या बायकांपुढे सांगायचं म्हणजे, ज्याला आम्ही हात लावत नाही ते तुम्हाला खायला आणलंय, असं सांगणं होतं. गावाची अब्रू राखायला आल्या होत्या, ती त्यांच्याच तोंडाने जाणार होती.

त्यांनी एक वडी उचलली. दोन बोटांच्या चिमटीत धरली. तोंडात घातली. चावली. पुष्कळ वेळ चावली. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, आणि तो गळा हलला.

"न्हाई वळखत," त्या म्हणाल्या. "हरले."

अक्काने शांतपणे सांगितलं, भोपळ्याच्या बिया. कॉलनीतल्या बायकांनी एकच गलका केला आणि डब्यावर तुटून पडल्या. आमच्या गावच्या पोरींनीही हात पुढे केले, आणि या वेळी पदरात कुणी टाकलं नाही. चुळा भरणाऱ्यांनीच दोन दोन मागून घेतल्या. मी त्यांना मागे सारून म्हणाले, आधी पाहुण्यांना, तुम्हाला उरलं तर. साहेबाची बायको अक्काला विचारत होती की बिया सोलायच्या कशा. पाटलीणबाई पाणी प्यायला नळाकडे गेल्या. चूळ भरतात का म्हणून मी बघत राहिले. त्या प्यायल्या, आणि तिथेच पाठ करून उभ्या राहिल्या.

परतताना दिवस बुडून गेला होता, पण नवमीचा चंद्र वर होता, वाट दिसत होती. गावच्या बायका पुढे गेल्या होत्या. मी हवेत होते. अक्का, काय जिरवलीस तिची, काय जिरवलीस, असं मी म्हणतच होते. म्हणाले, आता पुढच्या वर्षी तू फेरात येशील, बघ, कोण अडवतं ते. आता गाव तुला मानील. अक्का पुढे बघून चालत होती. मला वाटलं, नेहमीसारखी गाईचा विषय काढेल.

ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"फेरात मला काय करायचंय? तिनं गिळली ना? तू बगितलंस?"

मी म्हणाले, बघितलं, गळा हलताना बघितला.

"मला दिसलं न्हाई," अक्का म्हणाली. "मधी ती गोरी बाई आली व्हती. परत सांग."

मी परत सांगितलं. चिमटीत कशी धरली, किती वेळ चावली, गळा कसा हलला. ती पदराचं टोक धरून ऐकत होती. घर येईपर्यंत तिने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतलं.